पाहुण्याला कुठे बसवायचं? मपेट शो की कॅरल बर्नेट शो

धाकट्या बहिणीचा रविवारी सकाळीच फोन. "ताई, याला सुट्टी लागली. दिवसभर हातात मोबाइल नको म्हणून टीव्हीवर काहीतरी चांगलं लावायचंय. सासूबाईही महिनाभर इथेच आहेत. तू मागे दोन जुने कार्यक्रम सांगत होतीस ना, एक बेडकाचा आणि एक त्या बाईचा? त्यातला कुठला लावू? एकच सांग हं, भाषण नको."

घर बोरिवलीला, दोन खोल्यांचं. टीव्ही एक. मुलगा नऊ वर्षांचा, सासूबाई पंच्याहत्तरीच्या, आणि इंग्रजीशी त्यांचा संबंध 'हॅलो'पुरता. नवरा साडेआठला चर्चगेटहून लोंबकळत घरी येतो, त्याला जेवताना डोक्याला ताप नसलेलं काहीतरी लागतं. म्हणजे एकच सांग म्हणणं सोपं आहे. फोनवर मी "बघते, सांगते" म्हणून वेळ मारून नेली. आता इथे सविस्तर लिहिते, कुणाच्या घरी असाच पेच असेल तर त्यांच्याही कामी येईल.

आधी ओळख करून देते. बेडकाचा म्हणजे 'द मपेट शो'. १९७६ ते १९८१, पाच पर्वं, १२० भाग, एकेक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. कर्ता जिम हेन्सन हा अमेरिकन बाहुलीकार. पण तिथल्या मोठ्या वाहिन्यांनी बाहुल्या म्हणजे पोरांचा खेळ असं ठरवून त्याला दारातूनच परत पाठवलं. मग ल्यू ग्रेड या ब्रिटिश निर्मात्याने पैसा घातला आणि लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत सगळं चित्रण झालं. त्या बाईचा म्हणजे 'द कॅरल बर्नेट शो'. सप्टेंबर १९६७ ते मार्च १९७८, अकरा पर्वं, सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर, तासाभराचा, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत समोर खरे प्रेक्षक बसवून. दोघांचा साचा मात्र एकच. थोडी गाणी, थोडा नाच, भरपूर विनोदी प्रवेश आणि दर वेळी कुणीतरी नामवंत पाहुणा. मुंबई दूरदर्शनवरचा विनायक चासकरांचा 'गजरा' ज्यांना आठवतो त्यांना जात लगेच ओळखू येईल.

साचा एकच, मग निवडायचं कशावरून? मी फक्त एवढंच बघते, की पाहुण्याला कुठे बसवलंय.

आपल्याला सवय आहे ती 'चला हवा येऊ द्या'ची. झी मराठीवर २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, आणि नव्या सिनेमाची मंडळी ओळीने येऊन सोफ्यावर बसायला लागली. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे वगैरे मंडळी त्यांच्यासमोर त्यांच्याच सिनेमाची टर उडवायची, निलेश साबळे मध्ये सूत्रं सांभाळायचा, सागर कारंडेचा पोस्टमन पत्र वाचून डोळ्यांत पाणी आणायचा. पाहुण्याचं काम काय, तर हसायचं. कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला की मान मागे टाकून हसायचं. यात वाईट काही नाही, हा आपला पाहुणचारच आहे. पाहुणा आला की त्याला पाटावर बसवायचा आणि घरच्यांनी राबायचं.

पण या पाहुणचाराची हद्द मी आमच्या इमारतीच्या गणपतीत पाहिलीय. आम्ही बायकांनी दीड महिना तालमी करून एक प्रहसन बसवलं होतं. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले, तेव्हा आमचा तिसरा प्रवेश चालू होता. प्रवेश थांबवला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, दोन शब्द, मग आणखी दोन शब्द. त्यांचा सोफा रंगमंचाच्या बरोबर मधोमध ठेवलेला, म्हणून मागच्या खुर्च्यांवरच्या लोकांना पुढे अर्धंच प्रहसन दिसलं. पाहुण्याला बसवायची जागा चुकली की अख्खा कार्यक्रम बसतो, हे मी त्या रात्री शिकले. तेव्हापासून असला कुठलाही कार्यक्रम बघताना माझी नजर आधी सोफा शोधते.

मपेट शोमध्ये सोफाच नाही. तिथे पाहुणा हा सगळ्या गोंधळातला एकुलता एक माणूस. बाकी बेडूक, डुक्कर, अस्वल, कोंबड्या आणि गॉन्झो नावाचा, कुठल्या प्राण्यात मोडतो ते कुणालाच न कळलेला एक निळा प्राणी. नाटक कंपनीचा मालक-व्यवस्थापक-सूत्रधार म्हणजे कर्मिट बेडूक. स्कूटर नावाचं पोरगं सुरुवातीला मेकअपच्या खोलीचं दार ठोठावून पाहुण्याला सांगतं की पडदा वर जायला पंधरा सेकंद उरलेत. तिथून पुढे पाहुण्याची सुटका नाही. त्याला गावं लागतं, नाचावं लागतं, डुकरिणीचं प्रेम झेलावं लागतं.

रुडॉल्फ नुरेयेव हा त्या काळचा जगातला सगळ्यात मोठा बॅले नर्तक. त्याला एका माणसाएवढ्या डुकरिणीबरोबर बॅले करायला लावलाय, आणि तोही एकही स्टेप न चुकवता, गंभीर चेहऱ्याने करतो. पुढे वाफेच्या खोलीत मिस पिगी, म्हणजे या कंपनीची नायिका डुकरीण, त्याच्या मागे लागते. सुरुवातीला कार्यक्रमाला पाहुणे मिळवताना नाकी नऊ येत होते, ओळखीपाळखीच्यांना गळ घालावी लागायची. नुरेयेव येऊन गेला आणि मोठमोठी माणसं स्वतःहून यायला तयार झाली, असं सांगतात. मला ते पटतं. एवढा मोठा माणूस हसं करून घ्यायला लाजला नाही, तर बाकीच्यांनी कशाला लाजावं?

रिटा मोरेनो या नटी-गायिकेचा भाग याहून छोटा, पण बहिणीला मी हाच पहिला दाखवणार आहे. ती मंद, मादक गाणं गातेय आणि मागे ॲनिमल नावाचा रानटी ढोलकीवाला मध्येच धडाडधूम करून सगळा माहोल उधळतोय. ती वळून त्याच्याकडे फक्त बघते. पुन्हा गाते. पुन्हा धडाम. शेवटी दोन झांजांच्या मध्ये त्याचं डोकं सापडवते. तमाशातल्या ढोलकीवाल्याची आणि नाचणारीची जी जुगलबंदी आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय तिचीच ही सातासमुद्रापलीकडची मावसबहीण. या कामासाठी मोरेनोला एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं.

आणि पीटर सेलर्स. कर्मिट त्याला म्हणतो, इथे नाटक करायची गरज नाही, तू मोकळेपणाने तू हो. त्यावर सेलर्स सांगतो की ते अशक्य आहे, कारण मी असा कुणी नाहीच. बोलतो तो हसत, विचित्र वेषात, पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढले त्या नटाच्या तोंडून ते ऐकताना पोटात कुठेतरी हलतं. बाहुल्यांच्या कार्यक्रमात हे येईल असं वाटत नाही, म्हणून तर ते लागतं.

इथे एक आडवळण घेते. आपल्याकडे बोलकी बाहुली म्हटली की रामदास पाध्ये आणि त्यांच्या वडिलांनी घडवलेले अर्धवटराव. शब्दभ्रमात कलाकार बाहुलीशेजारीच बसलेला असतो, ओठ न हलवता बोलतो, आणि गंमत दोघांच्या संवादात असते. मपेटचं तसं नाही. कलाकार कॅमेऱ्याच्या चौकटीखाली उभा, हात डोक्यावर ताणलेला, आणि बाहुली पडद्यावर कशी दिसतेय ते समोरच्या छोट्या मॉनिटरमध्ये बघत बघत तो खेळवतो. त्यासाठी सेटच उंचावर बांधायचे. स्वीडिश शेफ नावाचा एक आचारी आहे, त्याचं डोकं आणि आवाज हेन्सनचा, पण बाहीतून बाहेर आलेले हात मात्र खरे माणसाचे, फ्रँक ऑझचे. एका बाहुलीत दोन माणसं, एकाचं तोंड आणि दुसऱ्याचे हात, आणि हात काय फेकाफेक करणार हे तोंडाला पुरतं ठाऊक नाही. एवढं कळल्यावर तो प्रवेश परत बघा. हेन्सनला शब्दभ्रमकारांचं वावडं नव्हतं, उलट एडगर बर्गन या नामांकित शब्दभ्रमकाराला त्याने पाहुणा म्हणून बोलावलं होतं. कर्मिटचा जन्म तर १९५५ चा. हेन्सनच्या आईचा जुना हिरवा कोट आणि डोळ्यांना टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून. आपल्या घरात जुन्या साड्यांची गोधडी होते, त्यांच्याकडे बेडूक झाला.

हा कार्यक्रम मला नाटकवाल्यांचा वाटतो याचं कारण पडद्यामागचा भाग. रंगमंचावर गाणं चालू असतं आणि विंगेत कर्मिट घामाघूम, एक कलाकार रुसलेला, एक हरवलेला, प्रॉपर्टी सापडत नाही. शिवाजी मंदिरच्या विंगेत तिसरी घंटा झाल्यावर जिने कुणाचा तरी हरवलेला फेटा शोधलाय तिला हे बघताना घरी आल्यासारखं वाटतं. आणि बाजूच्या बॉक्समध्ये स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ हे दोन म्हातारे, प्रत्येक गोष्टीला नावं ठेवणारे, तरी दर आठवड्याला हजर. मध्यंतरात बटाटावडा खाताना "मूळ संचात बघायला हवं होतं" म्हणणारे आपले काका तेच.

आता कॅरल बर्नेट. इथे पाहुणा आहे, बसतोही छान, पण खरं सांगायचं तर तो नसला तरी चालतं. हे काही मी कमीपणाने म्हणत नाही. इथलं वैभव घरच्यांचं आहे. कॅरल, हार्वी कॉर्मन, विकी लॉरेन्स, सुरुवातीची वर्षं लाइल वॅगनर, आणि टिम कॉनवे, जो आधी वरचेवर पाहुणा म्हणून यायचा आणि १९७५ पासून घरचाच झाला. जिम नेबर्स नावाचा गायक-नट प्रत्येक पर्वाच्या पहिल्या भागाला पाहुणा असायचा, शुभशकुन म्हणून. नारळ फोडतात ना, तसा.

कार्यक्रम मिळाला त्याची गोष्टही झकास आहे. सीबीएसबरोबरच्या करारात एक कलम होतं, की पहिल्या पाच वर्षांत कॅरलने मागितलं तर तिला तासाभराचा विविधरंगी कार्यक्रम द्यावाच लागेल. वाहिनीचे लोक कलम विसरून गेले होते. मुदत संपायला आठवडा उरला असताना तिने फोन केला. साहेब म्हणाले, हा प्रकार पुरुषांचा, तुझ्यासाठी एखादी छानशी कौटुंबिक मालिका करू. ती कलमाला चिकटून राहिली. अकरा वर्षं चालला, पंचवीस एमी मिळाली. करार नीट वाचावा हे आमचे बाबा घरभाड्याच्या कागदांवरून सांगायचे, ते उगाच नाही.

सुरुवातीला दिवे लावून कॅरल थेट प्रेक्षकांशी बोलते. कुणीही काहीही विचारा. आधी ठरवलेलं काही नाही. शेवटी ती कानाची पाळी ओढते, ती आजीसाठीची खूण. आजीनेच तिला वाढवलं होतं. हे सासूबाईंना सांगितलंस तर त्या पुढचे चार भाग फक्त कान बघण्यासाठी बसतील.

या कार्यक्रमाचं सार मात्र दाताच्या डॉक्टरच्या प्रवेशात आहे. टिम कॉनवे नवशिका दंतवैद्य, हार्वी कॉर्मन खुर्चीतला रुग्ण. बधिर करायची सुई चुकून डॉक्टरच्याच हातात घुसते. हात लुळा पडतो. मग पायात घुसते. पाय लुळा. मग कपाळात. कॉनवे तो मेलेला हात दुसऱ्या हाताने उचलतो, ठेवतो, हात घरंगळतो. बघताना नजर मात्र कॉर्मनवर ठेवा. बिचारा ओठ दाबतोय, तोंड झाकतोय, हसू आवरत नाही, आणि आपलं हसणं तिथे सुरू होतं. चित्रण शुक्रवारी दोनदा व्हायचं, वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर. कॉनवे आपल्या खोड्या दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवायचा, म्हणजे कॉर्मनला पत्ता नसायचा. नाटकात एखादा नट समोरच्याला 'पाडतो' म्हणतात ना, त्याचा हा जागतिक दर्जाचा नमुना. आपल्याकडे हास्यजत्रेत कुणी प्रवेशाच्या मध्ये फुटलं की लोकांना जास्त मजा येते, त्यामागचं सूत्र हेच.

दुसरा गाजलेला प्रवेश १९७६ चा, अमेरिकेतल्या यादवी युद्धावरच्या प्रचंड गाजलेल्या सिनेमाची टर. नायिकेला पैसे नाहीत म्हणून ती खिडकीच्या पडद्याचा झगा शिवते. मूळ सिनेमात झगा सुंदर दिसतो. इथे कॅरल जिन्यावरून उतरते तेव्हा पडद्याची दांडी खांद्यावर तशीच आडवी आहे. वेषभूषाकार बॉब मॅकीची ही कल्पना, आणि तो झगा आता अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विनोद फक्त त्या दांडीचा आहे. पण मूळ सिनेमा पाहिलेला नसेल तर दांडीवरही अर्धंच हसू येतं, आणि बर्नेटच्या कार्यक्रमाची अडचण नेमकी ही. त्यातली पुष्कळशी टर जुन्या हॉलिवुड सिनेमांची आणि तेव्हाच्या जाहिरातींची आहे. बोरिवलीतल्या नऊ वर्षांच्या पोराला त्याचं काय?

पाहुण्याच्या जागेचा माझा मुद्दा कशाने पक्का होतो तेही सांगते. बर्नेटचा कार्यक्रम नंतर अर्ध्या तासाच्या तुकड्यांत पुन्हा दाखवला गेला. त्यात गाणी-नाच काढून फक्त विनोदी प्रवेश ठेवले. म्हणजे एला फिट्झजेराल्ड, रे चार्ल्स असे गायक पाहुणे गेले कात्रीत, आणि कार्यक्रम तरीही टुणटुणीत. तेच मपेटमधून पाहुणा कापून बघा. नुरेयेव काढलात तर नुसती नाचणारी डुकरीण उरते. आणि मिस पिगीच्या प्रेमाला नकार द्यायला समोर माणूस हवाच.

भाषेचं काय? मपेटमध्ये शाब्दिक कोट्या खूप, त्यातल्या निम्म्या सासूबाईंच्या आणि थोड्या माझ्याही डोक्यावरून जातात. स्टॅटलर-वॉल्डॉर्फ तर संपूर्ण बोलण्यावर. पण त्या स्वीडिश आचाऱ्याची भाषा कुठलीच नाही, तो नुसताच बडबडतो, आणि पहिल्याच पर्वातलं 'माना माना' गाणं तर दोन निरर्थक शब्दांचं आहे. भाचा मागे माझ्याकडे आला होता तेव्हा मी ते लावलं. त्याने विचारलं, "मावशी, ही कुठली भाषा?" म्हटलं, कुठलीच नाही. मग तो दिवसभर त्याच भाषेत जेवायला मागत होता. बर्नेटमध्ये उलट आहे. बोलण्यातले विनोद बऱ्यापैकी निसटतात, पण कॉनवेचं अंग बोलतं. त्याचा एक म्हातारा आहे, जो इतका सावकाश चालतो की एक पाऊल पडेपर्यंत आपण चहा ठेवून येऊ. सासूबाईंना त्याचं भाषांतर लागणार नाही.

मुलासमोर लावताना एक लक्षात असू दे. दोन्ही पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत. मपेटचे भाग २०२१ मध्ये डिस्नेने आपल्या सेवेवर आणले तेव्हा अठरा भागांच्या सुरुवातीला सूचना टाकली, की यात काही समाजांचं चित्रण चुकीचं आहे. बर्नेटमध्ये दारूवरचे आणि नवरा-बायकोच्या भांडणांवरचे विनोद बरेच. पोराला समजणार नाहीत, पण "म्हणजे काय?" विचारलं तर उत्तर तुझ्याकडे हवं. काही गाणी हक्कांपायी कापली गेलीत, तेव्हा पैसे भरून काही घेण्याआधी कुठली आवृत्ती आहे ते बघ. बर्नेटच्या बाबतीत यूट्यूबवर तिचंच अधिकृत चॅनेल आहे, सुरुवातीला तेवढं पुरे.

वेळेचा हिशेबही बघायला हवा. मपेटचा भाग जेवणात संपतो, वरणभातापासून ताकापर्यंत. बर्नेटचा मूळ भाग तासाचा, ताट सुकेल. म्हणून नवरा आल्यावर मपेट, आणि दुपारी सासूबाईंची वामकुक्षी झाल्यावर बर्नेटचा एखादा सुटा प्रवेश. अख्खा भाग लावायच्या फंदात पडू नकोस.

"एकच सांग" म्हणाली होतीस, तर एकच सांगायचं झालं तर मपेट. तुझ्या घरात चार वयांची चार माणसं आहेत, आणि पाहुणा, बाहुल्या, गाणं, गोंधळ यांपैकी प्रत्येकाला काहीतरी सापडेल. माझ्यापुरतं विचारशील तर मी एकटी असताना बर्नेट लावते, कारण मला घरची मंडळी एकमेकांना कशी पाडतात ते बघायला आवडतं. १९७८ साली बर्नेटचा कार्यक्रम संपला आणि त्याच वर्षीचं या प्रकाराचं एमी मपेटने नेलं. नामांकनात बर्नेटही होती. तेव्हाही लोकांना हाच प्रश्न पडला असणार.

मधला मार्गही आहे. मपेटच्या पाचव्या पर्वात कॅरल बर्नेट स्वतः पाहुणी म्हणून आलीय. तिला आपला प्रवेश करायचा असतो आणि गॉन्झोने त्याच रात्री थिएटरात नाचाची मॅरेथॉन ठेवलेली. अकरा वर्षं जी घरची मालकीण होती तिला दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून काय काय सोसावं लागतं ते बघ. हा भाग शनिवारी रात्रीसाठी ठेव, सगळे जागे असतात तेव्हा. आणि दंतवैद्याचा प्रवेश लावशील तेव्हा सासूबाईंच्या हातात चहाचा कप देऊ नकोस.